मोटारबोटीचं तेल जातं कुठे?

कुठेही तेलाचा डाग दिसला की मी थांबतो. रस्त्यावर, रेल्वे फाटकापाशी, लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या कुणाच्याही गाडीखाली. वाकायचं, बोट लावायचं, वास घ्यायचा, आणि हे गळलं कुठून याचा छडा लागेपर्यंत हलायचं नाही. बायको म्हणायची, "लोकं देवाच्या पाया पडाले वाकतेत, आमचा मानूस मोटारीच्या पाया पडते." बोलण्यात तिचा हात कुणी धरला नाही. ही खोड मला एका मोटारबोटीपायी लागली, आणि त्या बोटीनं माझं नाकही चांगलंच खाली केलं. पुढं सांगणार आहेच, तर आधीच कबूल केलेलं बरं.

तेव्हा आमचा गोंदियाचा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका राइस मिलमध्ये मी मिस्तरी होतो. मिलचे मालक म्हणजे पूर्वीचे मालगुजार, गावाचे जमीनदार. मालगुजारी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावाबाहेरचा मोठा तलाव कागदावर सरकारजमा झाला होता, पण गावाच्या तोंडी तो 'मालकाचा तलाव'च राहिला. मालक म्हणतील तिथं जाळं पडायचं, मालक म्हणतील त्या दिवशी पाटाचं पाणी सुटायचं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते उगाच नाही. माणूस मात्र दिलाचा मोकळा. चिडला की हिंदीत चिडायचा आणि हसला की त्याचं पोट शर्टाच्या बटणांना त्रास द्यायचं.

या मालकांनी जबलपूरच्या एका विलायतेला परत निघालेल्या साहेबाकडून बोट घेतली. छोट्या लाइनच्या रेल्वेच्या मालडब्यातून ती अर्जुनीला आली आणि तिथून दोन बैलगाड्या एकामागे एक जोडून तलावावर. पांढरी, निळ्या पट्ट्याची, चार माणसं बसतील एवढी. खरा ऐवज होता तिचं इंजिन. मागच्या फळीला अडकवायचं, वर डोकं, मधे लांब मान आणि खाली पाण्यात बुडणारा पाय. त्या पायाला तीन पात्यांचा पितळी पंखा. बरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती, तिची सुरुवातीची पानं उंदरांनी आमच्याआधीच वाचून संपवली होती.

"मिस्तरी, आता हे पोरगं तुझं," मालक म्हणाले. "देखभाल तूच कर."

माझी छाती फुगली. पंचक्रोशीत डिझेल इंजिन खोलणारे दोघं-तिघं होते, पण बोटीचं इंजिन खोलणारा मी एकटा. अजून खोललं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. गावानं बोटीला 'भडभड्या डोंगा' नाव दिलं. डोंगा म्हणजे आमच्याकडची साधी लाकडी होडी. संध्याकाळी मालक सोला हॅट घालून त्या भडभड्यात बसत, मी मागं दांडी धरून बसे, आणि आम्ही कमळांच्या कडेनं, आमच्याकडच्या प्रतापगडचा डोंगर समोर ठेवून, कुठंही न जाता तासभर जाऊन येत असू. कामाशिवाय फिरायला एवढं पेट्रोल जाळायचं, हे गावाला पटत नव्हतं. मला मात्र फार आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदाच मी असं यंत्र चालवत होतो ज्यातून धान निघत नव्हतं, तांदूळ निघत नव्हता, फक्त मजा निघत होती.

दसरा आला. मी काही फार देवभोळा नाही, पण दसऱ्याच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. मिलमधलं इंजिन, धान सडायचा हलर, पट्ट्याची चाकं, पाने, हातोड्या, अगदी तेलाची बुधलीसुद्धा धुऊनपुसून मांडायची. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आणि 'जे फिरते त्याले नाडा', हा माझ्या उस्तादाचा नियम. पूजेचा लाल-पिवळा नाडा मी प्रत्येक चाकाला स्वतः बांधत असे, दुसऱ्याला हात लावू देत नसे. मिलच्या मोठ्या चाकावर तो नाडा वर्षभर राही, तेलानं काळा पडे आणि पुढच्या दसऱ्याला बदलला जाई. त्या वर्षी बोटही आली होती, म्हणून एक नारळ जास्त फोडला.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, तलाव काठोकाठ होता. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासे धरणाऱ्या ढिवरांची पाच-सहा घरं होती. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा आपला डोंगा आमच्या बोटीशेजारीच बांधत असे. सगळं गाव त्याला काकाजी म्हणे, मीही म्हणे. एका सकाळी मी बोट पुसायला गेलो तर काकाजी पाण्याकडं बघत उकिडवा बसलेला.

"मिस्तरी, तुमच्या डोंग्याले पाझर फुटला जी," तो म्हणाला. "पाहा, पान्यावर मोर नाचून राहिला."

खरंच, इंजिनाच्या पायाभोवती पाण्यावर निळा-जांभळा-सोनेरी तवंग पसरला होता. तेलाचाच. पण मला कुणी माझ्या यंत्रातली खोट दाखवली की माझं डोकं सणकतं.

"पाझर कायचा? या इंजिनात पेट्रोलमंधीच तेल टाकतेत, काकाजी. त्याचा धूर पान्याखालून निघते. चालते तवा तेवढा तेल पान्यावर येनारच."

काकाजीनं विडी पेटवली. "चालते तवा येईल. पन दोन रोज झाले, भडभड्या उभा हाये. उभ्या डोंग्याचा धूर काऊन निघून राहिला?"

उत्तर नसलं की मी पाने काढतो. इंजिन पाण्याबाहेर तिरपं केलं आणि पायाच्या बाजूचे दोन स्क्रू काढायला बसलो.

इंजिनाच्या पायात, तळाशी, एक बंद डबी असते. वरून येणारा उभा दांडा आणि पंख्याचा आडवा दांडा त्या डबीत दातेरी चाकांनी एकमेकांना भेटतात. डबीत दाट तेल गळ्यापर्यंत भरलेलं असावं लागतं. वरचा स्क्रू काढला की तेल काठाशी दिसलं पाहिजे, खालचा काढला की मधासारखी धार लागली पाहिजे. मी वरचा काढला, काठाशी काही नाही. खालचा काढला तर जे बाहेर आलं ते मध नव्हतं. ते दुधाळ, फेसाळ, आमच्या स्टेशनवरच्या चहाच्या रंगाचं होतं, आणि अर्धीच डबी होतं. तेल बाहेर चाललं होतं आणि त्याच वाटेनं पाणी आत येत होतं. असं महिनाभर चाललं की दातेरी चाकांचे दात जातात. मग वर इंजिन कितीही बोंबलो, खाली पंखा ढिम्म.

मालकांना सांगितलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. संक्रांतीला लेक आणि जावई येणार होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. जावयाला बोटीतून फिरवायचं, हे मालकांनी बोट घेतल्याच दिवशी ठरवलं होतं. आता जमीनदारी नव्हती, दारात घोडा नव्हता. दाखवायला एक बोटच होती.

"मिस्तरी, कुछ भी कर, पर संक्रांतीच्या आधी हे थांबव."

थांबवायचं तर आधी वाट सापडली पाहिजे. तेल जायच्या वाटा मोजक्याच असतात. दोन स्क्रू, डबीचा सांधा, डबीला गेलेला तडा, आणि पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथली रबराची चकती, म्हणजे सील. मी सगळ्यात सोपी वाट आधी धरली. स्क्रूखालचे वायसर चपटे झाले होते. माझ्या जुन्या चपलेच्या चामड्यातून दोन नवे कापले, तेलात भिजवले, बसवले, डबी भरली आणि ऐटीत जाहीर केलं की झालं काम. दोन दिवसांनी काकाजीनं लांबूनच हात वर केला. मोर पुन्हा नाचत होता.

माझा इतका संताप झाला की मी इंजिन बोटीवरून काढून खांद्यावर घेतलं आणि मिलमध्ये आणून टांगलं. आता जिथं माझी सत्ता तिथंच याची चौकशी. घासलेटनं पाय चकचकीत पुसला, कोरडा केला, तेल भरलं, आणि घरी जाऊन बायकोचा रांगोळीचा डबा उचलला.

"कायले नेऊन राहिले?" तिनं विचारलं.

"इंजिनाले लावाले."

तिनं कपाळावर हात मारला, पण डबा दिला. पायाला मी वरून खालपर्यंत रांगोळी भुरभुरली. तेल जिथून झिरपेल तिथं पांढऱ्यावर डाग उठेल, एवढा साधा हिशोब. दिवसभर इंजिन मिलच्या आढ्याला पांढरंफटक टांगलेलं, आणि धान घेऊन आलेला प्रत्येक जण विचारी की हे काय सुतक आहे. संध्याकाळी पाहिलं. स्क्रू कोरडे, सांधा कोरडा, डबीवर तडा नाही. पंख्याच्या मागून मात्र एक बारीक काळी रेघ निघून खाली आली होती.

खात्री करायला दुसऱ्या दिवशी तेल काढलं, खालचा स्क्रू घट्ट बसवला, वरच्या भोकात सायकलच्या ट्यूबचा वाल्व दाबून धरला आणि हलकी हवा भरली. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला धान भिजवतात त्या हौदात अख्खा पाय बुडवला. पंक्चर काढतात तशी गत. मिलमधले सगळे हौदाभोवती. मालक हॅट घालून हजर. आधी काही नाही, मग पंख्याच्या मागून एक बुडबुडा, मग दुसरा, मग माळच.

"निकला!" मालक ओरडले.

पंख्याची पिन काढली आणि पंखा ओढून बाहेर घेतला. दांड्याभोवती, सीलला अगदी चिकटून, एक काळं कडं घट्ट बसलं होतं. लोखंडासारखं दिसणारं, पण लोखंड नाही. सुईनं टोकरलं तर टोक सुटलं. धागा होता. गरागरा फिरत फिरत तो पंख्यामागच्या फटीत शिरला, घट्ट झाला आणि सीलच्या रबराची कड त्यानं कातरून टाकली.

आता इथं मी जे केलं ते आठवलं की आजही कानाची पाळी गरम होते. एक क्षणही विचार न करता, सगळ्यांसमोर, विजयी वीरासारखा तो काळा धागा मी वर धरला आणि म्हणालो, "जाळं! ढिवराच्या जाळ्याचा धागा होय हा!"

कुणाला शंका आली नाही. तलावात धागा म्हटलं की जाळ्याचाच. मालकांचा चेहरा लाल झाला. तिथल्या तिथं हुकूम सुटला. कमळांपासून पाळीच्या टोकापर्यंत पूर्वेकडचं सगळं पाणी बोटीसाठी, उद्यापासून बांबू ठोकून हद्द करायची, बांबूंच्या पलीकडं एकही जाळं पडता कामा नये.

पूर्वेकडचं पाणी म्हणजे तलावाचा खोल भाग. थंडीत मासे तिथंच जातात. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, पावसाळ्यात जाळं बंद. पाळीवरची पाच-सहा घरं वर्षभर खायची ती या दोन-तीन महिन्यांच्या जिवावर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी शोधून काढलं. धागा मी काडेपेटीत ठेवला, बक्षीस मिळाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी मिलमध्ये आला. भांडायला आला असेल म्हणून मी आधीच भुवया चढवल्या. पण त्यानं कमरेच्या धोतरातून सुताची एक गुंडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हा आमच्या जाऱ्याचा सूत," तो म्हणाला. जाळ्याला तो जारा म्हणे आणि मासळीला मासोरी. "तुमच्यावाला दाखवा जी."

"काळा पडला तो. आता काय ओळखू येनार?"

"रंग जाते जी. पीळ नाई जात."

मी काडेपेटी उघडली. काकाजीनं माझ्याच घासलेटच्या वाटीत तो धागा बुडवला आणि दोन बोटांत हळूहळू चोळू लागला. त्याची बोटं माझ्यापेक्षा जाड होती आणि माझ्यापेक्षा हलकी चालत होती. त्याचं सूत सणाच्या वाखाचं, तीन पदरी, दगडासारखा पीळ, झाडाच्या सालीच्या काढ्यात घातल्यामुळं तपकिरी. वाटीतला धागा चोळता चोळता फुलला. मऊ कापूस. पीळ जवळजवळ नाहीच, नुसत्या सैल तारा एकत्र. आणि आतल्या तारा काळ्या नव्हत्या. एक लाल होती आणि एक पिवळी.

काकाजी माझ्याकडं बघत नव्हता. वाटीकडं बघत म्हणाला, "आमी जाऱ्याले नारळ फोडतो, फूल वाहतो. पन नाडा नाई बांधत. नाडा बांधला त मासोरी हासंल आमाले."

दसऱ्याची दुपार डोळ्यांपुढं उभी राहिली. बोट घाटावर, इंजिन तिरपं, पितळी पंखा मी चिंचेनं घासून लखलखीत केलेला. जे फिरते त्याले नाडा. पंख्याच्या बुडाशी, दांड्याला लागून, पाच वेढे देऊन मीच बांधला होता. दोन दिवसांनी तो दिसेना, तेव्हा सुटून पाण्यात गेला असेल म्हणून सोडून दिलं होतं. मिलच्या चाकावर नाडा वर्षभर राहतो तसा पाण्यातल्या पंख्यावरही राहील, असं समजण्याइतका मी शहाणा. चपला कापल्या, रांगोळी उधळली, हौदात बुडबुडे मोजले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"काकाजी," मी म्हणालो आणि वाटीतला धागा उचलून परत काडेपेटीत ठेवला.

"आता तुमीच पाहा जी," तो उठत म्हणाला. गुंडी त्यानं परत कमरेला लावली. "बांबू तोडाले मानसं गेले हायेत." आणि तो गेला. मला तो एक शब्द लावून बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जेवायला घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली, इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. मग थांबली.

"रांगोळी माझी, नाडा माझ्या डब्यातला, चप्पल तुमची. त्या ढिवराचा काय गेला याच्यात?"

"तेच तं सांगून राहिलो ना. त्याचा काहीच नाई."

"मंग त्याचा पानी काऊन चालला?"

"मालकाले सांगितला त लोकं हासतीन मले. मिस्तरी म्हनवतो मी."

"हासू द्या. मी आताच हासली ना? मेले का तुमी?"

या बाईशी वादात मी कधी जिंकलो नाही, आणि त्या दिवशी जिंकायची इच्छाही नव्हती. ताटावरून उठलो आणि थेट तलावावर गेलो.

पाळीवर गर्दी होती. मालक खुर्ची टाकून बसलेले. गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यात माणसं बांबू ठोकत होती, आणि एक सरळ ओळ पाण्यात पुढं पुढं सरकत होती. पाळीच्या दुसऱ्या टोकाला पाळीवरच्या घरांतली माणसं उभी होती. बायका, म्हातारे, सगळेच. काकाजी आपल्या डोंग्यात बसून विडी ओढत होता.

मी मालकांसमोर गेलो, काडेपेटी उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. हळू बोललो असतो तर धीर सुटला असता. नाडा माझा, गाठ माझी, चूक माझी, जाळ्याचा काही संबंध नाही.

मालकांनी काडेपेटीत पाहिलं. लाल तार बोटानं उचलली. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हणजे तेल देवानं पिलं?" ते म्हणाले आणि खुर्चीत हलून हलून हसले. सगळी पाळ हसली. हसणारे माझ्याकडं बघत होते, आणि बायको म्हणाली तसा मी मेलो नाही. कान तेवढे भाजले.

मला वाटलं सुटलो. पण मालकांचं हसू थांबलं आणि त्यांनी बांबूंच्या ओळीकडं पाहिलं. अर्धी ओळ झाली होती. अख्खं गाव बघत होतं.

"पण मिस्तरी, मी बोलून चुकलो. काल हुकूम दिला, आज बांबू उपटू? उद्या माझं कोण ऐकेल? सरकारनं सगळं घेतलं, एक शब्द तेवढा राहिला."

हे ते हळू बोलले, फक्त मला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एक प्रकारची भीतीच होती, आणि मला त्यांची कीव आली. पण कीव करून पाणी परत मिळणार नव्हतं. मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात काकाजी डोंगा वल्हवत पाळीशी आला. ऐकू आलं असावं, किंवा नसेलही. मालकाला तो माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखत होता.

"मालक, बांबू राहू द्या जी," तो म्हणाला.

त्यानं वल्हं उचलून बांबूंच्या ओळीकडं रोखलं.

"हद्द पायजेच होती. भडभड्या जाऱ्यावरून गेला त जारा बी फाटंल आन पंखा बी फसंल. आज नाडा होता, उद्या जारा राहील. तुमचा हुकूम बरोबर हाये. फक्त असा समजा का बांबूच्या इकडं डोंगा तुमचा, तिकडं जारा आमचा. जारा इकडं नाई येत, डोंगा तिकडं नाई जात."

मालकांनी ओळीकडं पाहिलं. इकडं म्हणजे पाळीजवळचं उथळ पाणी आणि कमळं. तिकडं म्हणजे सगळं खोल पाणी. बांबू होते तिथंच राहिले होते, हुकूमही तोच राहिला होता, फक्त त्याचं तोंड फिरलं होतं.

"जावयाला कमळंच दाखवायची आहेत ना, मालक," मी हळूच म्हणालो. "खोल पान्यात काय पाह्याचा?"

मालकांनी हॅट काढली, डोकं खाजवलं आणि उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "मी काल हेच म्हणालो होतो. तुम्ही लोक नीट ऐकत नाही." आणि बांबू ठोकणाऱ्यांना राहिलेली ओळ पुरी करायला सांगितलं. पाळीच्या त्या टोकाला एक बाई खाली बसली आणि रडायला लागली. आनंदानं रडत होती, पण मला तिच्याकडं बघवलं नाही. आदल्या दिवशी माझ्या एका आरोळीनं तिचं वर्ष बुडालं होतं.

सील कुठंच मिळालं नाही. शेवटी जुन्या हातपंपाच्या वायसरचं जाड चामडं घेतलं, दांड्याच्या मापाचं कडं कापलं, दोन दिवस एरंडेलात मुरवलं आणि बसवलं. परत रांगोळी, परत हौद. एक बुडबुडा नाही. संक्रांतीला जावई कमळांतून फिरले, लेकीनं पाण्यात हात घातला, मालकांनी हॅट जावयाच्या डोक्यावर ठेवली. परत आल्यावर सगळे तिळगूळ खायला गेले तेव्हा मी खालचा स्क्रू जरासा सैल केला. मधासारखा एक थेंब आला, नितळ, पिवळा. मी तो बोटावर घेऊन काकाजीला दाखवला. त्यानं मान हलवली आणि आपलं जाळं विणत राहिला.

त्या हिवाळ्यात आमच्या घरी मासळी कधी कमी पडली नाही. काकाजी कोणाच्या तरी हाती पाठवायचा आणि मी भिडेनं गप्प घ्यायचो.

पुढच्या दसऱ्याला मी नेहमीप्रमाणे सगळं मांडलं. इंजिन, हलर, चाकं, पाने. बोटीच्या पंख्याला फक्त एक फूल वाहिलं, नाडा हातात धरायच्या दांडीला बांधला. आटोपत आलं तोच काकाजी आपट्याची पानं घेऊन आला. पाठीवर जाळं. त्यानं मला सोनं दिलं, मी वाकलो, त्यानं डोक्यावर हात ठेवला. मग त्यानं ते जाळं उतरवलं आणि माझ्या पान्यांच्या आणि हातोड्यांच्या मधे जागा करून नीट ठेवलं.

"याले बी बांधा," तो म्हणाला.

मी नाड्याची गुंडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. "मासोरी हासंल ना, काकाजी."

"हासू द्या. पन गाठ पक्की मारा जी. तुमची सुटते."

मी खाली बसलो आणि जाळ्याच्या दोराला नाडा बांधला. गाठ मारली, त्यावर दुसरी मारली, त्यावर तिसरी. काकाजी वाकून बघत होता.